वास गेला म्हणालात तेव्हा

बाबा, तुम्ही त्या दिवशी पिऊन नव्हता. हे तुम्हाला सांगण्यात काही अर्थ नाही, कारण तुम्हाला ते माहीतच होतं. माहीत नव्हतं ते आम्हाला. आईला नव्हतं, मला नव्हतं, विहारात आम्हाला पाहून आवाज खाली आणणाऱ्या लोकांना नव्हतं. मला ते पावसाळा सरता सरता कळलं. आता थंडी पडायला लागली आहे, तरी अजून एखाद्या दिवशी माझं लक्ष कामावरून उडतं. परवा काचेची पट्टी हातातून सुटून फुटली. माझ्या हातून काच फुटत नाही, बाबा, प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मला त्यासाठीच कामावर ठेवलं आहे. म्हणून आज कागद घेऊन बसलो. लिहायला बसलं की मन आपोआप थाऱ्यावर येतं, हे तुम्हीच मला दाखवलं होतं.

मराठीत लिहितो आहे. दिवसभर माझं तोंड हिंदीत चालतं, घरी आईशी आपली बोली, पण लिहायची मराठी मला फक्त तुमच्याकडून मिळाली. शाळेत ती नव्हतीच, आणि शाळाही पुढे अकरावीत अर्धी राहिली. तुम्ही मागच्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढायचात आणि मी खाली बसून ती पाटीवर उतरवायचो. "शाळेत हिंदी शिक, पण आजीले पत्र लिहायचं त आपल्या भाषेत," असं तुमचं म्हणणं होतं. आजी गोंदियाकडे, तिला पत्र वाचून दाखवणारा शेजारी, आणि तरी तुम्ही माझ्याकडून एकेक वेलांटी नीट करून घ्यायचात. मी खोडलं की रागवायचात. "खोडाखोड नको करू. वाचणाऱ्याले वाटते, यानं काहीतरी लपवलं." तेव्हापासून मी आधी कच्चं लिहितो आणि मग पक्कं करतो. हे पक्कं आहे.

आता तुमच्या नाकाबद्दल. आपल्या महाराजपुरात तुम्हाला सगळे नाकवाले भैया म्हणायचे. गटाराचं किंवा संडासाच्या टाकीचं झाकण सरकवलं की तुम्ही काठावर उभे राहून एक लांब श्वास घ्यायचात आणि आत काय आहे ते सांगायचात. इथं लग्नघरचं तूप साचलं आहे, इथं वरून पाणी शिरलं आहे, इथं आत्ता उतरायचं नाही. वरून दोर धरायला काका असायचे. ते आपले नात्यातले नव्हेत, पण मला दुसरे काका नव्हतेच. गिऱ्हाइकासमोर ते मुद्दाम हिंदीत म्हणायचे, "इनकी नाक में मीटर लगा है, साहब." सडक्या अंड्यांचा वास आला की झाकण उघडं टाकून तुम्ही दोघं चहाला जायचात, परत येऊन पुन्हा वास घ्यायचात, आणि वास गेलेला असला की तुम्ही उतरायचात. एवढाच तुमचा नियम होता. कोणी शिकवला होता कोण जाणे. मास्क नव्हता, यंत्र नव्हतं, ठेकेदाराकडून दोर आणि बादली मिळायची.

एका संध्याकाळी तुम्ही दारात उभे आहात, आंघोळीआधी आत यायचं नाही हाही तुमचाच नियम, आणि मी नाक दाबतो. आई माझा हात खाली ओढते. तुम्ही मात्र ओरडत नाही. हसून म्हणता, "दाबू नको रे. नाकावरच आपलं घर चालते. हे नाक शाबूत आहे तोवर तुह्या बापाले काही होत नाही." मग आई बाहेर येते आणि तुमच्या मनगटातलं तांब्याचं कडं चिंच आणि मीठ लावून घासते. सांधे दुखू नयेत म्हणून आजीनं ते तुम्हाला घालायला लावलं होतं. कामावरून येताना ते काळं होऊन यायचं. तुम्ही हात पुढे करून बसायचात आणि म्हणायचात, "बांगड्या भरून राहिली काय मला?" आई म्हणायची, "भरते की, उद्या साडीही नेसवते." शेवटच्या वर्षी कडं काळं होऊन येणं थांबलं. आईला बरं वाटलं. तिनं विचारलंही, "काम हलकं झालं काय?" तुम्ही म्हणालात, "हो, आता मशीनच्या गाड्या येऊन राहिल्या." चिंचेची बरणी मग वरच्या फळीवर गेली.

त्याच्या आधीची एक पौर्णिमा मला नीट आठवते. विहारात भंतेजींसमोर तुम्ही उभे राहिलात आणि पंचशीलातलं पाचवं शील एकट्यानं, मोठ्यानं म्हटलंत, दारू सोडल्याचं. इतर लोक एकत्र म्हणतात. तुम्ही एकटे उभे राहिलात, कारण तुमची दारू सगळ्यांनी पाहिलेली होती. आईनं त्या दिवशी खीर केली होती आणि वाढताना तिचं तोंड असं होतं की जणू तिचंच लग्न आहे. त्यानंतर तुम्ही प्यायला नाहीत. निदान सिव्हिल लाइन्समधल्या त्या बंगल्याच्या दिवसापर्यंत तरी नाही, असं आम्ही इतकी वर्षं समजत आलो.

त्या दिवसाचं मला जेवढं सांगितलं गेलं तेवढंच माहीत आहे. बंगल्यामागची जुनी टाकी. सकाळी तुम्ही एकदा उतरून वर आलात. डोळे चुरचुरतात म्हणालात, पाणी मारलंत, चहा घेतलात. मग काठाशी वाकून म्हणालात, "वास गेला." आणि पुन्हा उतरलात. दोर ओढून काकांनी तुम्हाला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. टाकीला वास होताच. बंगल्याचा चौकीदार फाटकाशी उभा राहून नाकाला रुमाल लावत होता. मी पाचवीत होतो आणि ठेकेदाराचं बोलणं मी आईच्या मागे उभा राहून ऐकलं. "इतनी बदबू में खड़ा होकर बोल रहा था बदबू नहीं है. अब आप ही बताइए, होश में था क्या?"

दुसऱ्या कोणाबद्दल असं म्हटलं असतं तर आईनं भांडण केलं असतं. पण तुमचं नाक तिला माहीत होतं. ज्या माणसाला झाकणाखालचं तूप कळतं त्याला समोरची सडकी अंडी कळली नाहीत, तर मग तो शुद्धीत नव्हता. दुसरा अर्थच निघत नव्हता. ठेकेदारानं तुम्हाला तुमच्याच नाकाची साक्ष काढून दारुडा ठरवलं. चिरफाड झाली होती, पण तिचा कागद आम्हाला कोणी दाखवला नाही, आणि मागायचा असतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आईनं विहारात जाणं सोडलं. तुमची तसबीर केलीच नाही. कडं आणि तुमचा एक शर्ट ट्रंकेत तळाला गेला. तुमच्याबद्दल ती वाईट कधी बोलली नाही. कोणी तुमचं नाव काढलं की ती उठून कामाला लागायची.

आता मी काय काम करतो ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. आमच्या मॅडम सूर्याच्या उजेडावर वीज करणाऱ्या पट्ट्या बनवतात. छपरावर निळी-काळी पॅनेल दिसतात, तुमच्या वेळी इतकी नव्हती, त्यातलं जे काळं असतं ते. धड धातू नाही, धड दगड नाही, अंधारात वीज अडवतं आणि उजेड पडला की तिला वाट देतं. सेमीकंडक्टर म्हणतात. मराठीत अर्धवाहक. हा शब्द मला आवडला, माझंही सगळं अर्ध्यावरच आहे. बाजारातल्या पॅनेलमधलं सिलिकॉन वाळूतून निघतं, पण वाळूचं ते करायला भट्ट्या फार तापवाव्या लागतात. दुसऱ्या एका जातीच्या पॅनेलला इंडियम नावाचा धातू लागतो, तो पृथ्वीवर थोडाच आहे. मॅडम इथून जवळच्या कुंडम गावाकडच्या. तिथल्या एका दवाखान्यावरचं पॅनेल फुटलं आणि बदलून आलंच नाही, हे त्यांच्या मनात बसलं आहे. "ऐसा माल चाहिए जो टूटे तो कोई रोए नहीं," असं त्या म्हणतात. म्हणून त्यांनी जमिनीत भरपूर असलेल्या चार गोष्टी धरल्या. तांबं, जस्त, कथील आणि गंधक. "चारों मेरी नानी के घर में थे." पितळेच्या हंड्यात तांबं आणि जस्त, हंड्याच्या कल्हईत कथील, आणि गंधक नानीच्या खरजेच्या मलमात. एकदा रंगात आल्या तेव्हा म्हणाल्या, "देखना, कुंडम के पूरे बाज़ार की छतें काली कर दूँगी."

माझं काम काचा धुण्यापासून सुरू झालं. साबणानं, मग औषधानं, मग गरम पाण्यानं, आणि शेवटी उजेडात धरून पाहायचं की बोटाचा ठसा राहिला नाही ना. मी इतक्या वेळा पाहायचो की संशोधन करणारी मुलं हसायची. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला हळूहळू भट्टी दिली. फिरणाऱ्या चकतीवर काच ठेवून तिच्यावर तांबं, जस्त आणि कथील विरघळवलेल्या द्रावाचे थेंब टाकतात, तपकिरी थर बसतो. तो वाळला की लांब नळीच्या भट्टीत गंधकात भाजायचा. मग तो काळा होतो. आधी गंधकाची भुकटी ठेवत होतो, तर थरावर डाग यायचे. म्हणून यंदा मॅडमनी गंधक असलेला गॅस मागवला, हायड्रोजन सल्फाइड, दुसऱ्या गॅसमध्ये थोडासा मिसळलेला. नळकांडं बाहेर व्हरांड्यात, कुलुपाच्या जाळीत. भट्टीतून निघालेला गॅस आधी कॉस्टिक सोड्याच्या बाटलीतून जातो, मग मोरचुदाच्या निळ्या पाण्यातून. निळं पाणी काळं पडायला लागलं की समजायचं, पहिली बाटली थकली. त्या बाटल्या माझ्याकडे.

पहिल्या दिवशी सांधा जोडताना जरासा गॅस निसटला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. तो वास मला माहीत होता. तुम्ही दारात उभे असताना यायचा तो. मॅडमनी विचारलं, "डर तो नहीं लग रहा?" मी म्हणालो, "नहीं मैडम, घर का है." त्यांना कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण मला आतून वेगळंच वाटलं, बाबा. जवळजवळ अभिमान. भिंतीवर गॅसचं मीटर होतं, ते वाजायच्या आधी मला वास यायचा. दोनदा मी त्याच्या आधी सांधा पकडला. मला वाटलं, तुमचं नाक मला मिळालं आहे, आणि निदान ते तरी चांगल्या कामाला लागलं. मॅडम मात्र चिडल्या. "नाक से नहीं, मीटर से." मीटरखाली एक इंग्रजी तक्ता होता. त्याची धूळ मी रोज पुसायचो. त्यातला एकही शब्द मी कोणाला विचारला नव्हता.

त्या दुपारी वीज गेली. धूर ओढणारा पंखा थांबला, भट्टी लाल होती आणि गॅस चालू होता. मला सडक्या अंड्यांचा वास आला, जोरात आला. मी सांध्याकडे गेलो, पाना लावला, आवळला. मीटर बॅटरीवर चालतं, ते कोकलायला लागलं. डोळ्यांत चुरचुर सुरू झाली. मी आणखी आवळलं, आणि वास कमी होत होत बंद झाला. अगदी बंद. मी मीटरकडे पाहिलं, ते कोकलतच होतं. दारात मॅडम आल्या होत्या, मी वळून त्यांना म्हणालो, "बदबू तो गई मैडम, मीटर ही ख़राब है."

त्यांनी माझा अ‍ॅप्रन धरला आणि मला फरफटत बाहेर आणलं. पन्नाशीची, माझ्या खांद्याएवढी बाई. व्हरांड्यात मला ढकलून त्यांनी आधी नळकांड्याची चावी फिरवली, सगळ्यांना खाली पळवलं आणि मग मला पायऱ्यांवर बसवलं. त्यांचा आवाज फाटला होता. "बदबू गई का मतलब क्या होता है, पता है? ये गैस सबसे पहले नाक को मारती है. नाक मर गई, तो आदमी सोचता है गैस चली गई. और गैस वहीं खड़ी रहती है."

मी म्हणालो, "नाक अच्छी हो तो भी?"

"कितनी भी अच्छी हो."

"बहुत ही अच्छी हो, मैडम?"

"अच्छी नाक वाला तो पहले मरेगा," त्या म्हणाल्या, "भरोसा जो करेगा."

मी तोच प्रश्न पुन्हा विचारला असणार, कारण त्यांना वाटलं गॅस डोक्यात चढला. त्यांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारली, छाती ऐकली, नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं. तुमचं नाव मी दोनदा सांगितलं. बाहेर ऊन होतं. मला एवढंच दिसत होतं की तुम्ही काठाशी वाकला आहात, तुमचे डोळे चुरचुरत आहेत, तुम्ही तुमचा नियम पाळता आहात. वास घेतलात. वास नव्हता. तुम्ही खरं तेच बोललात. आणि तेच शब्द मी हिंदीतून, जसेच्या तसे, एका तासापूर्वी बोललो होतो, पाण्याशिवाय काही न पिता.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेलो. ते आता घराबाहेर फारसे पडत नाहीत, ओट्यावर बसून नातीला अंगणात हाका मारत असतात. मी त्यांना सगळं सांगितलं. नाक कसं मरतं ते मी सांगायला लागलो तेव्हा त्यांनी नातीला आत पाठवलं. मग ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागले.

"मलेबी नव्हता येऊन राहिला," ते म्हणाले.

"काय?"

"वास. मी बी काठावरच होतो ना, दोर धरून. येता येता बंद झाला. मले वाटलं सर्दी झाली आपल्याले." ते माझ्याकडे पाहत नव्हते. "ठेकेदारानं विचारलं, तू भी पिया था क्या. मी म्हटलं, नाही साहेब, मले त येऊन राहिला होता वास. सगळे नाक दाबून उभे होते, अन् मी एकटा काय म्हणू? चाय आण व," त्यांनी आत सुनेला सांगितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पिशील ना? का उठून जाशील?"

मी चहा प्यायलो. का प्यायलो ते मला सांगता येत नाही. कप खाली ठेवताना त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. त्यांच्या हातावर दोराचे जुने वण आहेत, ते तुमच्याच दोराचे असतील.

आता आईला सांगायचं होतं आणि माझी हिंमत होईना. तुम्ही म्हणाल, चांगली बातमी सांगायला काय भीती. पण ती विचारणार, तुला कसं कळलं. माझ्या कामाबद्दल ती चारचौघांत सांगते, "काच धुते माझा पोरगा, सूर्याच्या लाइटीचं काम आहे." तिला वाटतं मी उजेडाच्या, कोरड्या, स्वच्छ जागी आहे, तुमच्यापासून लांब. तुमच्यावरचा डाग काढायचा तर तिची ती समजूत मोडायला हवी होती. दोन्ही एकदम तिच्या हातात देता येत नव्हतं. मी कितीतरी दिवस ते दोन्ही घेऊन घर ते कॉलेज असा फिरलो. एकदा वाटलं, पेपरात वाचलं म्हणून सांगावं. पण तुम्ही खोडाखोड नको म्हणायचात.

शेवटी एका संध्याकाळी नळाला पाणी आलं होतं, ती बादल्या भरत होती आणि मी आत नेऊन ओतत होतो. मी म्हणालो, "आई, बाबा पिऊन नव्हते."

तिनं बादली बदलली. "कोण म्हणते?"

"आमच्या मॅडम."

"मॅडमनं पाहिलं होतं काय त्यांले?"

मी सांगितलं. गॅस, नाक, वास कसा जातो. ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं, पाण्याचा आवाज होता. मग काकांचं सांगितलं. तिनं वर पाहिलं. "आता बोलला तो?"

"आता बोलले."

"अच्छा," ती म्हणाली आणि तिनं नळ बंद केला. आपल्या गल्लीत पाणी आलेलं असताना कोणी नळ बंद करत नाही, बाबा. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "क्या हुआ दीदी, चला गया क्या पानी?" आई पायरीवर बसली आणि पदरानं हात पुसत राहिली, कोरडे झाल्यावरही. मग तिनं विचारलंच. "तुले कसं मालूम, नाक मरते म्हणून? वाचलं काय कुठं?"

"नाही."

"मग?"

"माझं मेलं होतं. पावसाळ्यात. मॅडमनी ओढून काढलं."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला वाटलं, माझ्या जागी तिला तुम्ही दिसता आहात. मग ती म्हणाली, "सोड म्हटलं त सोडशील ते काम?" मी बादली हातात धरून उभा राहिलो. सोडायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला असं काम दिलं आहे जे नीट केलं तर उजेडाची वीज होते. ती उठली. "तुह्या बाबालेबी असंच विचारलं होतं," ती म्हणाली. "तेबी असेच उभे राहिले होते." आणि नळ पुन्हा सोडला.

रविवारी सकाळी उठलो तर ट्रंक उघडी होती. ती मोरीपाशी बसून तुमचं कडं घासत होती. ते जसं तुमच्या हातातून काढलं तसंच इतकी वर्षं राहिलं होतं, कोळशासारखं. चिंच, मीठ, पुन्हा चिंच. तांबं वर यायला फार वेळ लागला. तिनं ते पुसलं, माझा हात ओढून मनगटात चढवलं. तुमचं मनगट जाड होतं, मला ते ढिलं होतं. "काळं पडलं का बाहेर निघाचं," ती म्हणाली. "नाकाचं नाव नाही घ्यायचं. समजलं ना?" मग जरा वेळानं, मोरीत पाणी ओतता ओतता, "या पौर्णिमेले विहारात चाल माह्यासंग. खिरीले दूध सांगून ठेव." शर्टासाठी तिनं हँगर मागितला आणि तो तुमच्या उंचीवर खिळ्याला लावला. तसबीर नाही म्हणून.

मॅडमनी कडं हातात घालू दिलं नाही, तापलेल्या भट्टीजवळ अंगावर धातू चालत नाही. पण कोणाचं आहे ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, आणि मीटरच्या शेजारी स्वतः एक खिळा ठोकला. "यहाँ टाँगो." आता तिथं आधी मीटर पाहायचं आणि मग कडं, असा आमचा क्रम झाला आहे. मुलं त्याला बाबूजी म्हणतात. "बाबूजी ठीक हैं?" असं विचारून आत येतात. पंख्याला बॅटरी लावली, सांधे बदलले. तक्त्यात वासावर भरवसा ठेवू नका अशी एक ओळ होती, ती मी मॅडमकडून समजून घेतली आणि हिंदीत आणि मराठीत लिहून खाली चिकटवली. मराठी वाचणारा तिथं मी एकटाच आहे.

गेल्या आठवड्यात भट्टीतून एक पट्टी निघाली, एकसारखी काळी, एकही डाग नाही. दिव्याखाली ठेवली आणि तारा लावल्या तर आकडा हलला. फार थोडा. विकतच्या पॅनेलच्या जवळपासही नाही, मॅडम म्हणाल्या, पण हलला आणि हललेला राहिला. मी विचारलं, या काचेवरचं काळं आणि कड्यावर चढतं ते काळं एकच का. त्या म्हणाल्या, "मौसेरे भाई हैं." एकात नुसतं तांबं आणि गंधक, दुसऱ्यात आणखी दोघं. मी त्या पट्टीकडे पाहत उभा राहिलो. ज्यानं तुम्हाला नेलं ते त्या काचेत बसलं होतं आणि दिवा लावला की काम करत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला नुसता धक्का बसला होता, अजून तो उतरलेला नाही.

हा कागद मी कुठं पाठवणार. घरीही ठेवणार नाही, कारण यात एक गोष्ट आहे जी आईला कळायला नको. कडं थोडं थोडं काळं पडतं, बाबा. मीटर गप्प असतं, मॅडम म्हणतात गंधकाच्या खोलीत तांबं इतकं तर काळवंडणारच, घाबरण्यासारखं नाही, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. पण आई रोज संध्याकाळी कडं मागते, दारातच, उजेडाकडे धरून फिरवून पाहते आणि "अच्छा, चांगलं आहे" म्हणून परत देते. म्हणून निघण्याआधी मी कॉलेजच्या नळाशी बसतो. चहावाल्याकडून अर्धं लिंबू आणि चिमूटभर मीठ आणतो आणि कडं लख्ख करून घरी नेतो.

शेवटच्या वर्षी तुमचंही लख्ख यायचं. तुम्ही कशानं घासायचात?